'ओन्ली' आणि आपला 'च'

पुसदहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचा मुलगा आठवींत शिकतो. त्यानें निबंधांत 'वुई केम यस्टर्डे ओन्ली' असें वाक्य लिहिलें. मास्तरांनीं 'ओन्ली'भोंवतीं तांबडें वर्तुळ काढून एक गुण कापला. मुलगा घरीं येऊन आईला म्हणाला, "आपण कालच आलों ना? मग ह्यांत चुकलें काय?" आईनें आजोबांना विचारलें, आजोबांनीं शेजारच्या वकिलांना विचारलें, आणि वाक्य बरोबर आहे असें सर्वांचें मत पडलें, कारण ते सर्वच तसें बोलतात! शेवटीं बाईंनीं आमच्याकडे निवाडा मागितला आहे.

निवाडा देतों, परंतु आधीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ह्या एवढ्याशा शब्दानें आमच्या स्वतःच्या घरांत एकदां महिनाभर अबोला पाडला होता, आणि त्या प्रकरणांत प्रस्तुत लेखक, जन्मभर इंग्रजी शिकवून, चुकीच्या बाजूस उभा होता. ती हकीकत पुढें येईल. प्रथम ह्या शब्दाची नीट ओळख करून घेऊं.

'ओन्ली' हा 'वन' ह्याच्याच कुळांतला शब्द आहे. जुन्या इंग्रजींत 'एक' ह्या अर्थाच्या शब्दास 'सारखा' ह्या अर्थाचा प्रत्यय लागून तो तयार झाला. पुढें 'एक'वाचक शब्दाचा उच्चार बदलत जाऊन 'वन' असा झाला. पण 'ओन्ली' आणि 'अलोन' ह्या शब्दांत जुना 'ओ' तसाच राहिला. 'ओन्ली सन' म्हणजे एकुलता एक मुलगा. आपल्या 'एकुलत्या'तहि 'एक' आहेच. तेथें 'ओन्ली' विशेषण आहे. क्रियाविशेषण म्हणून तो आला म्हणजे 'फक्त', 'केवळ', 'एवढेंच' असा अर्थ होतो, आणि येथूनच विद्यार्थ्यांची अडचण सुरू होते. ह्या शब्दाचा अर्थ अवघड नाहीं. त्याची जागा अवघड आहे.

एक वाक्य घेऊं. 'माय अंकल सोल्ड कॉटन ॲट वणी', म्हणजे काकांनीं वणीला कापूस विकला. आतां 'ओन्ली' एकेका जागीं ठेवून पाहूं. 'ओन्ली माय अंकल' म्हटलें तर काकांनींच विकला, दुसऱ्या कोणीं नाहीं. 'सोल्ड ओन्ली कॉटन' म्हटलें तर कापूसच विकला; तूर नाहीं, ज्वारी नाहीं. 'ओन्ली ॲट वणी' म्हटलें तर वणीलाच विकला. यवतमाळास नाहीं, पांढरकवड्यासहि नाहीं. आणि क्रियापदावर जोर देऊन 'ओन्ली सोल्ड' म्हटलें तर काकांनीं तो नुसता विकला. पेरला दुसऱ्यानें, वेचला तिसऱ्यानें.

पहिल्या तीन वाक्यांत मराठींत 'च' आला, पण चौथ्यांत तो आला नाहीं, ही गोष्ट वाचकांच्या लक्षांत आली असेल. तेथें आपण 'विकलाच' म्हणूं तर अर्थ पार बदलतो. सगळे 'थांबा, भाव चढेल' म्हणत असतां काकांनीं अखेर कापूस विकलाच! हा अर्थ इंग्रजींत 'ओन्ली'नें येत नाहीं. त्यासाठीं 'ही डिड सेल' असें म्हणावें लागतें. म्हणजे 'ओन्ली' म्हणजे 'च' हें जें समीकरण मुलें पाठ करितात, तें तीन ठिकाणीं जुळतें आणि चौथ्या ठिकाणीं फसवितें.

दुसरा भेद जागेचा आहे. इंग्रजी 'ओन्ली' सामान्यतः ज्या शब्दाचें नियमन करितो त्याच्या पुढें उभा राहतो. मराठी 'च' हा शब्दाच्या मागें, आणि तोहि अगदीं चिकटून राहतो. आपल्या व्याकरणांत 'च', 'हि', 'देखील', 'सुद्धां', 'मात्र' ह्यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययें म्हणतात. तीं लागतांना शब्दाचें सामान्यरूप होत नाहीं, आणि विभक्तीचा प्रत्यय आधींच लागलेला असला तर तीं त्याच्याहि मागें जाऊन बसतात. घरांत, घरांतच, मला, मलाच, आणि आपल्या वऱ्हाडांत मले, मलेच. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें आणि मोरो केशव दामले ह्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं. इतकीं वर्षें आपण हीं अव्ययें शाळेंत शिकत आलों, पण इंग्रजी लिहितांना त्यांची आठवण ठेवीत नाहीं.

हा 'च' संस्कृतांतील 'आणि' ह्या अर्थाचा 'च' नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पुष्कळांची तशी समजूत असते. संस्कृतांत ज्या कामीं 'एव' येतो, त्या कामीं प्राकृतांत 'च्चिअ', 'च्चेअ' अशीं अव्ययें येत; हालाच्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतांत तीं भेटतात, आणि बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत त्यांचा अर्थ 'अवधारण' असा दिला आहे. त्यांचाच वंशज आपला 'च'. अवधारण म्हणजे निश्चय करणें, सीमा आंखणें.

आणि ही सीमा किती प्रकारांनीं आंखतां येते ह्याचा विचार आपल्या देशांत फार पूर्वीं झालेला आहे. सातव्या शतकांतील बौद्ध तार्किक धर्मकीर्ति ह्यानें 'एव'चे तीन व्यापार वेगळे करून दाखविले, आणि पुढें नैयायिकांनींहि ते घेतले. नांवें मोठीं आहेत, पण गोष्ट घरगुती उदाहरणांनीं समजण्यासारखी आहे. 'आत्याच ओव्या म्हणते', म्हणजे दुसरें कोणी म्हणत नाहीं. हा अन्ययोगव्यवच्छेद, दुसऱ्याचा संबंध तोडला. 'कोळसा काळाच असतो', म्हणजे तो काळा नाहीं असें होत नाहीं. हा अयोगव्यवच्छेद, संबंध नसण्याची शक्यता तोडली. येथें दुसरें कांहीं काळें नसतें असा अर्थ मुळींच नाहीं. 'भर उन्हाळ्यांतहि एखादा पाऊस होतोच', म्हणजे पाऊस कधींच होत नाहीं असें नव्हे. हा अत्यंतायोगव्यवच्छेद; अजिबात नसण्याची शंका तोडली.

आतां हे तिन्ही 'च' इंग्रजींत घालून पाहा. पहिल्यास 'ओन्ली' चालतो. दुसऱ्यास 'ऑल्वेज' पाहिजे. तिसऱ्यास 'डज' घालून क्रियापदावर जोर द्यावा लागतो. मराठींत एकाच अक्षरानें भागतें, तेथें इंग्रजींत तीन साधनें लागतात. ह्याखेरीज रोजच्या बोलण्यांतील 'च' आहेतच. 'आत्तांच गेला' म्हणजे 'जस्ट नाउ'. 'तोच मनुष्य' म्हणजे 'दि सेम मॅन'. 'ह्याच घरांत' म्हणजे 'इन धिस व्हेरी हाउस'. 'जायलाच पाहिजे' ह्यास 'मस्ट' पुरतो. 'येतांच' ह्यास 'ॲज सून ॲज' लागतें. ह्यांपैकीं एकाहि ठिकाणीं 'ओन्ली' बसत नाहीं. आणि आपलीं मुलें नेमकीं ह्या सर्व ठिकाणीं 'ओन्ली' बसवितात!

उलट, काळाच्या बाबतींत कांहीं ठिकाणीं 'ओन्ली' योग्य असतो, पण तेथें मराठींत 'कुठें' येतो. 'तो आतां कुठें बोलूं लागला आहे', येथें 'ओन्ली नाउ' शोभतो. 'दहादां विनविलें, तेव्हां कुठें ते कबूल झाले', येथें 'ओन्ली देन' पाहिजे; आणि 'ओन्ली देन' वाक्याच्या आरंभीं घातला तर पुढें 'डिड ही अग्री' असा प्रश्नासारखा क्रम ठेवावा लागतो, ही खूण विद्यार्थ्यांनीं वहींत टिपून ठेवावी.

ही अडचण एकट्या मराठी मुलांची नाहीं. चिनी भाषेंत 'फक्त' ह्या अर्थाचें अव्यय क्रियापदाच्या आधीं येतें, आणि 'काल कुठें आला' असा उशीर दाखवावयाचा असेल तर निराळें अव्यय वापरावें लागतें. म्हणून चिनी विद्यार्थी 'ओन्ली'ला नेहमीं क्रियापदापाशीं ओढतो, तर आपला विद्यार्थी त्याला शब्दाच्या शेपटास बांधतो. हिंदी बोलणाऱ्यांचा 'ही' आपल्या 'च'सारखाच मागून येतो. त्यामुळें भारतांत हा मागला 'ओन्ली' इतका रुळला आहे कीं, येथील इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनीं त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे.

खुद्द इंग्रजांतहि ह्या शब्दाच्या जागेवरून वाद झालेला आहे. १७६२ सालीं रॉबर्ट लोथ ह्या बिशपानें आपल्या व्याकरणांत असा आग्रह धरला कीं, हा शब्द ज्याच्यासाठीं आहे त्याच्याजवळच ठेवावा. १९२६ सालीं फौलर ह्यानें आपल्या प्रसिद्ध कोशांत उलट मत दिलें कीं, बोलण्याच्या ओघांत 'ओन्ली' क्रियापदापूर्वीं आला आणि अर्थाचा घोटाळा होत नसला, तर उगाच पंडिती हट्ट धरूं नये. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. बोलतांना आवाजाच्या आघातानें अर्थ सांवरतो. कागदावर आघात उमटत नाहीं. आमच्या घरांतील प्रकरण कागदाचेंच होतें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे थोरले काका, ज्यांना सर्व घर नाना म्हणे, यवतमाळास कापसाच्या एका जिनांत हिशेबनीस होते. दिवसभर बिलें, पावत्या आणि तारा इंग्रजींत लिहावयाच्या. त्यामुळें घरचीं टिपणेंहि इंग्रजींत लिहिण्याची त्यांना संवय जडली होती. मधल्या काकांच्या मागें त्यांची मुलगी, आमची चुलत बहीण ताई, नानांनींच वाढविली. नाना वारल्यावर त्यांच्या पेटींत एक ठेवपावती निघाली, आणि तिला टांचलेली एक चिठ्ठी: 'धिस मनी इज फॉर ताई ओन्ली फॉर हर कॉलेज.' मध्यें स्वल्पविराम नाहीं, रेघ नाहीं.

ताईचें कॉलेज त्यापूर्वींच सुटलें होतें. तिच्या आईस पक्षाघात झाला, आणि पुढें सहा वर्षें ती अंथरुणापासून हलली नाहीं. काकू गेल्यावर ताईनें वडीलमंडळींपुढें येऊन इतकेंच म्हटलें कीं, नानांनीं ठेवलेल्या पैशांतून शिवणाचीं दोन यंत्रें घेऊन मुलींसाठीं वर्ग काढण्याचा तिचा विचार आहे.

घराचा कारभार तेव्हां दादांकडे होता. दादांनीं चिठ्ठी वाचून दाखविली. "'ओन्ली फॉर हर कॉलेज' असें स्वच्छ लिहिलें आहे. पैसा कॉलेजासाठींच होता. कॉलेज राहिलें, तेव्हां पैसा घराचा." दादा लोभी नव्हते. त्या वर्षीं वाड्याचीं कौलें गेलीं होतीं, माजघराच्या भिंतींत पाणी मुरत होतें, आणि घरांत बावीस माणसें होतीं. धाकटे काका म्हणाले, "'फॉर ताई ओन्ली' असें लिहिलें आहे. पैसा ताईचाच. कॉलेज हें कारण झालें." एकाच ओळींतला एकच शब्द, एकानें तो पुढल्या शब्दास जोडला, दुसऱ्यानें मागल्या शब्दास.

मला विचारण्यांत आलें. मी इंग्रजीचा शिक्षक. मीं ऐटीनें सांगितलें कीं, 'ओन्ली' हा पुढल्या शब्दाचें नियमन करितो, सबब दादांचा अर्थ व्याकरणशुद्ध आहे. ताई कांहीं बोलली नाहीं. ती उठून आंत गेली आणि त्या रात्रीं पंक्तीस आली नाहीं. त्यानंतर महिनाभर धाकट्या काकांचें पान निराळें मांडलें जाऊं लागलें. एका स्वयंपाकाच्या दोन पंक्ती झाल्या.

कोंडी फोडली ती आत्यानें. तिला इंग्रजीचें एक अक्षर येत नव्हतें. एके दुपारीं वाती वळतां वळतां ती मला म्हणाली, "अरे, तूं शाळेंतल्या पुस्तकांत काय बघतोस? नाना हा शब्द कसा लिहीत असत तें त्यांच्या वह्यांत बघ ना!"

माळ्यावरून नानांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. दादा आणि मी कंदिलापाशीं बसून त्या चाळूं लागलों. 'मिल्क मॉर्निंग ओन्ली': दूध सकाळचेंच. 'पेड टुडे ओन्ली': आजच दिले. 'मेडिसिन फॉर मदर ओन्ली': औषध आईलाच. एकापुढें एक एकोणीस नोंदी सांपडल्या, आणि एकींतहि 'ओन्ली' पुढल्या शब्दासाठीं नव्हता. नानांच्या लेखणींतला 'ओन्ली' हा इंग्रजांचा 'ओन्ली' नव्हताच; तो इंग्रजी अंगरखा घातलेला आपला 'च' होता. 'ताई ओन्ली' म्हणजे 'ताईच'. ती चिठ्ठी नानांनीं मनांत मराठींतच लिहिली होती, आणि मीं ती लोथच्या व्याकरणानें वाचून एका मुलीचा हक्क बुडविण्यास हातभार लावला होता.

दादा बराच वेळ बोलले नाहींत. सकाळीं स्नान करून त्यांनीं पावती ताईच्या पुढें ठेविली आणि म्हणाले, "नानांचें म्हणणें आम्हांला उशिरां कळलें. तुझें तुला." ताईचा वर्ग निघाला. कौलांचें काम मात्र त्या वर्षीं झालें नाहीं. पावसाळाभर माजघरांत घंगाळें आणि पातेलीं मांडून ठेवावीं लागलीं. पण जेवणाची पंक्ति एक झाली.

नानांनीं तीच ओळ मराठींत लिहिली असती तर वाद संभवलाच नसता. 'हे पैसे ताईलाच, तिच्या कॉलेजासाठीं', किंवा 'हे पैसे ताईला, तिच्या कॉलेजासाठींच'. कोणतीहि एक ओळ लिहा, दुसरा अर्थ निघत नाहीं. आपला 'च' शब्दाला चिकटून राहतो, म्हणून तो दोहोंकडे पाहूं शकत नाहीं. इंग्रजी 'ओन्ली' सुटा उभा असल्यामुळें दोन शब्दांच्या मध्यें सांपडला तर दोघांचाहि होऊं शकतो.

आतां पुसदच्या भगिनींना निवाडा. मास्तरांचें बरोबर आहे. इंग्लंडांतील मनुष्य तें वाक्य वाचील तर 'कालचा एकच दिवस आलों, आधींहि नाहीं आणि नंतरहि नाहीं' असें समजण्याचा संभव आहे. चिरंजीवांना म्हणावयाचें होतें कीं, येऊन फार वेळ झाला नाहीं. त्यासाठीं 'वुई केम ओन्ली यस्टर्डे' असें लिहावें. बोलतांना 'वुई ओन्ली केम यस्टर्डे' असें म्हटलें तरी चालेल. परंतु मुलास हेंहि सांगावें कीं, त्याची चूक अडाणीपणाची नाहीं. मराठीचा नियम त्यानें इमानानें इंग्रजीला लावला. फक्त ती भाषा दुसऱ्या नियमानें चालते.

'ओन्ली' शेवटीं कधीं येतच नाहीं असें मात्र त्यानें समजूं नये. 'फॉर लेडीज ओन्ली' ही पाटी शुद्ध आहे. धनादेशावर 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' असें लिहितात तें पुढें कोणीं कांहीं वाढवूं नये म्हणून. आपणहि 'रुपये पांचशें फक्त' किंवा 'मात्र' असें शेवटींच लिहितों.

सर्व विद्यार्थ्यांनीं एक संवय लावून घ्यावी. 'ओन्ली' लिहिण्यापूर्वीं तें वाक्य मनांत मराठींत म्हणावें आणि 'च' कोणत्या शब्दावर पडतो तें पाहावें. त्या 'च'चा अर्थ 'दुसरें कोणी किंवा कांहीं नाहीं' असा असेल तर 'ओन्ली' त्याच शब्दाच्या लगेच आधीं ठेवावा. तसा अर्थ नसेल तर 'ओन्ली' सोडून 'जस्ट', 'सेम', 'व्हेरी', 'मस्ट', 'डिड' ह्यांपैकीं योग्य तो शब्द शोधावा. वडीलमंडळींस विनंती इतकीच कीं, पैशांचे, वांटणीचे आणि मृत्युपत्राचे कागद करितांना 'ओन्ली' दोन शब्दांच्या मध्यें लोंबकळत ठेवूं नये. शक्य तर तो कागद मराठींतच करावा.

परभाषा उत्तम यावी म्हणून स्वभाषा पुसट करावी लागत नाहीं. आपल्या वणीस १८८० सालीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या कायदेमंडळांत इंग्रजींत बोलत, यवतमाळच्या लोकांशीं मराठींत बोलत, आणि टिळकांचें चरित्र त्यांनीं संस्कृतांत रचिलें. त्या 'तिलकयशोऽर्णवा'स त्यांच्या पश्चात् १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याला आपला 'च' कोठें पडतो हें ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याचा 'ओन्ली' कोठें ठेवावा हें शिकण्यास वेळ लागत नाहीं.

नानांची ती चिठ्ठी ताईनें जपून ठेविली आहे. मुलींना मापें घेण्यास शिकवितांना ती म्हणते, "टांका ज्या कापडाला घालायचा त्यालाच घाला, दोहोंच्या मध्यें घातलात तर दोन्हीं ओढलीं जातात." तिला व्याकरण शिकवावयाचें नसतें, पण ह्या विषयावर तिच्याहून सोपें मला आजवर सांगतां आलेलें नाहीं.